अँथुरियम पिवळं पडतंय, फुलत नाही: आधी मुळं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ महिन्यांपूर्वी लाल फुलांनी भरलेलं अँथुरियम आणलं. घरी आल्यावर बागेतली माती आणि शेणखत घालून ते मोठ्या कुंडीत लावलं, खिडकीपासून लांब एका कोपऱ्यात ठेवलं आणि दिवसाआड पाणी दिलं. आता खालची पानं एकामागून एक पिवळी पडतायत, उरलेल्यांची टोकं तपकिरी झाली आहेत, कुंडी ओली असूनही झाड मलूल दिसतं आणि एवढ्या महिन्यांत आलेलं एकुलतं एक फूल बारकं, हिरवट निघालं. आता कोणतं खत घालू, असं तुम्ही विचारलं आहे.

सध्या कुठलंच खत घालू नका. जमलं तर आजच झाड कुंडीतून बाहेर काढा आणि मुळं बघा. पिवळी पानं आणि ओल्या कुंडीतलं मलूल झाड, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा खरोखरच मुळांत असतं. मी बरीच वर्षं अँथुरियम वाढवतो आहे. माझ्याकडे आलेल्या आजारी झाडांपैकी बहुतेकांना कीड नव्हती, रोग नव्हता आणि अन्नही कमी पडलेलं नव्हतं. त्यांची मुळं गुदमरलेली होती.

असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. अँथुरियम मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण, दमट जंगलांतलं झाड. घरोघरी दिसणारं लाल फुलांचं अँथुरियम अँड्रियानम कोलंबिया आणि एक्वादोरचं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एदुआर आंद्रे यांना ते १८७६ मध्ये सापडलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. अँथुरियमच्या हजाराहून अधिक जातींपैकी कितीतरी जाती जमिनीत रुजतच नाहीत. त्या मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, खोडांच्या बेचक्यांत, साचलेल्या पालापाचोळ्यात आणि शेवाळात राहतात. आपल्या ओळखीच्या ऑर्किडांसारखंच हे जगणं आहे. पाऊस आला की मुळं चिंब भिजतात आणि पाऊस थांबला की वाऱ्याने लगेच सुकू लागतात. म्हणून या मुळांवर स्पंजासारखं जाड आवरण असतं. ते पाणी झटकन शोषून धरतं, पण त्याला सतत हवा लागते.

अशी मुळं चिकट मातीत आणि वर शेणखतात दाबली की मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरतात आणि तिथला प्राणवायू संपतो. आधी मुळांची टोकं मरतात. मेलेल्या भागात पिथियम, फायटॉप्थोरा यांच्यासारखे कुजवणारे जीव शिरतात आणि सड वर चढत जाते. कुंडीत पाणी भरपूर असतं, पण ते वर पोचवणारं मूळ शिल्लक नसतं. झाड तहानलेलं दिसतं, आपण आणखी पाणी घालतो आणि सड वाढते. ओल्या कुंडीतलं मलूल झाड दिसलं की पाण्याचं भांडं खाली ठेवायचं, हे एवढं लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. कुंडी आडवी करून कडेने हलकेच थापटा आणि झाड बुंध्याशी धरून सरकवा. ओढू नका. माती सुटत नसेल तर सगळा गोळा बादलीतल्या पाण्यात अर्धा तास भिजू द्या. मग नळाच्या बारीक धारेखाली मुळं मोकळी करा. निरोगी मूळ पांढरं किंवा मोतिया, जाड आणि दाबल्यावर टणक लागतं. सडलेलं मूळ तपकिरी किंवा काळपट, लिबलिबीत असतं आणि त्याला कुबट वास येतो. खात्री नसेल तर मूळ दोन बोटांत धरून हलकं ओढा. वरचं साल मोज्यासारखं निघून हातात आलं आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरला, तर ते मूळ मेलेलं आहे. रंगावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका, कारण कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात, वाढलेली चांगली मुळंही तपकिरी रंगतात. निर्णय टणकपणावर घ्या.

कात्री स्पिरिटने पुसून सडलेला सगळा भाग कापा, निरोगी भाग दिसेपर्यंत. इथे हात आखडता घेतला तर पंधरा दिवसांत पुन्हा हेच करावं लागेल. दर दोन-चार कापांनंतर कात्री परत पुसा. हातमोजे घाला, कारण अँथुरियमच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी त्वचेची आग होते. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर हे झाड कायम त्यांच्या तोंडापासून दूर ठेवा. पान चावलं तर तोंड आणि घसा सुजतो, लाळ गळते, भयंकर जळजळ होते.

कापल्यावर अर्ध्याहून जास्त मुळं गेली असतील तर पूर्ण पिवळी पानं आणि असलेलं फूल काढून टाका, म्हणजे उरलेल्या मुळांवरचा भार हलका होईल. हिरवी पानं मात्र ठेवा, नवी मुळं त्यांच्याच जोरावर फुटणार आहेत. आणि मुळं जवळजवळ उरलीच नाहीत, फक्त खोडाचा टणक तुकडा आणि दोन पानं आहेत, असं झालं तरी झाड फेकू नका. तो तुकडा पिळून घेतलेल्या ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (वाळवलेलं शेवाळ) ठेवा, वर पारदर्शक डबा किंवा पिशवी झाका, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं झाकण काढून हवा द्या. खोडावरच्या गाठींतून नवी मुळं फुटायला महिना-दीड महिना लागतो. अशा ठुठांतून उभी राहिलेली झाडं माझ्याकडे आज फुलतायत.

मिश्रणाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. मी नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, पेरलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) एक भाग, कोकोपीट एक भाग आणि लाकडी कोळशाचा चुरा अर्धा भाग असं घेतो. ऑर्किडसाठी मिळणारी झाडाची साल मिळाली तर सोडणाच्या तुकड्यांऐवजी तीही चालते. कोळसा नसला तर अडत नाही. प्रमाणापेक्षा महत्त्वाची आहे ती एक परीक्षा: भरलेल्या कुंडीत वरून तांब्याभर पाणी ओता. ते काही सेकंदांत खालून धो धो बाहेर आलं पाहिजे. वर तळं साचलं तर मिश्रण अजून जड आहे.

नारळाच्या मालाची एक खोड आहे. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असतात. सोडणं आणि कोकोपीट रात्रभर पाण्यात भिजवून पाणी फेकून द्या, असं किमान तीनदा करा. पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं, तिसरं बऱ्यापैकी स्वच्छ येतं. हे न करता लावलेल्या झाडांची टोकं जळतात आणि दोष खताला दिला जातो.

कुंडी लहान घ्या. मुळांचा गोळा मावून चारही बाजूंनी दोन बोटं जागा उरेल एवढीच. मोठ्या कुंडीत मुळं नसलेला भाग दिवसच्या दिवस ओला राहतो आणि सड तिथूनच सुरू होते. तुमचं झाड बिघडण्यात मातीइतकाच या मोठ्या कुंडीचा वाटा आहे. निचऱ्यासाठी तळाशी खडीचा थर घालायची पद्धत सर्रास दिसते, पण ती कृपा करून सोडा. कुठल्याही कुंडीत मिश्रणाच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतोच. खाली खडी घातली की तो थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लास्टिकची ओल धरते. तुमचा हात पाण्याला सैल असेल तर मातीचीच घ्या.

लावताना बुंधा मिश्रणात पुरू नका. खोडावरून सुटलेली हवाई मुळं बाहेर राहिली तरी चालतात, त्यांच्याभोवती ओलसर मॉस गुंडाळलं तर आणखी चांगलं. झाड डोलत असेल तर काठीला सैल बांधा, कारण हलणाऱ्या झाडाला नवी मुळं धरता येत नाहीत.

आता पाणी. "दिवसाआड" हा शब्द तुमच्या दिनक्रमातून काढून टाका. झाडाला वार कळत नाही, त्याला ओल कळते. बोट दोन पेरं आत घाला. वरचा थर कोरडा आणि खाली किंचित दमट लागलं की पाणी द्या. दुसरी रीत मला जास्त आवडते: पाणी दिल्या दिल्या कुंडी उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या, मग रोज नुसती उचलून बघा. आठवड्याभरात हात बरोबर सांगायला लागतो. द्याल तेव्हा खालून निथळेपर्यंत भरपूर द्या आणि ताटलीतलं पाणी लगेच ओतून टाका. पेलाभर पाणी रोज घालणं सगळ्यात वाईट, कारण वरचा थर कायम ओला राहतो, खालची मुळं उपाशी राहतात आणि क्षार साचत जातात.

टोकं तपकिरी होण्यामागे बहुधा हे क्षारच असतात, मग ते जड पाण्यातून आलेले असोत किंवा खतातून. मिश्रणावर किंवा मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी पपडी दिसत असेल तर नक्कीच. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकाराच्या तिप्पट साधं पाणी हळूहळू ओतून सगळं धुऊन काढा. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर उत्तम. आरओचं पाणी चालतं, पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उरत नाही, ते खतातून द्यावं लागतं. पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं पाणी देऊ नका, त्यात सोडियम असतो.

फुलं का येत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा उजेड हेच असतं. अँथुरियमची फुलण्याची पद्धत मला फार सुंदर वाटते. वयात आलेल्या झाडावर प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी असते. पान, फूल, पान, फूल, असा त्याचा क्रम. म्हणजे वर्षात जितकी नवी पानं येतील, जास्तीत जास्त तितकीच फुलं येतील. उजेड कमी पडला की आधी पानांचा वेग मंदावतो, मग बगलेतली कळी सुप्त राहते किंवा वाळते. म्हणून 'फुलांचं खत' म्हणून स्फुरदाचा (फॉस्फरसचा) मारा केल्याने काहीही होत नाही. झाडाला पानं वाढवण्याची ताकद द्या, फुलं आपोआप येतात.

"हे सावलीतलं झाड आहे" हे वाक्य खरं असूनही घरातल्या झाडांचा घात करतं. अँथुरियमची शेती ७० ते ८० टक्के सावलीच्या जाळीखाली करतात हे बरोबर, पण प्रखर उन्हाचा उरलेला चौथा हिस्सासुद्धा घरातल्या कोपऱ्याच्या कितीतरी पट उजळ असतो. डोळ्यांना खोली छान उजळ वाटते, झाडाला ती संध्याकाळ असते. दुपारी झाडाच्या जागी हात धरा. सावलीच्या कडा पुसट पण बोटं ओळखू येत असतील तर जागा चांगली. सावलीच पडत नसेल तर तिथे झाड नुसतं तग धरेल. खिडकीपासून हात-दीड हाताच्या आत, सकाळचं कोवळं ऊन किंवा पातळ पडद्यातून गाळून आलेला उजेड, ही माझी आवडती जागा. दुपारच्या थेट उन्हात पानांवर पांढुरके-पिंगट, कागदासारखे डाग पडतात आणि ते कधीच भरून येत नाहीत. खिडकी नसेल तर एलईडी दिवा झाडाच्या फूट-दीड फूट वर लावून रोज १२ तास सुरू ठेवा. तुमचं झाड मुळं कापल्यावर पहिले दोन आठवडे मऊ उजेडात ठेवा, मग हळूहळू खिडकीकडे सरकवा.

हिरव्या फुलाबद्दल. आपण ज्याला फूल म्हणतो तो लाल चकचकीत भाग खरं तर रूपांतरित पान आहे. खरी फुलं मधल्या कणसासारख्या दांड्यावर शेकड्यांनी असतात, भिंगातून बघा एकदा. ती आधी मादी अवस्थेत येतात, तेव्हा दांड्यावर चिकट थेंब दिसतात. नंतर नर अवस्थेत परागाची पांढरट भुकटी पडते. दोन्ही गोष्टी लोक रोग समजून पुसत बसतात. हे लाल पान सहा-आठ आठवडे टिकतं आणि म्हातारं होताना त्यात हरितद्रव्य परत येऊन ते हिरवट होतं. ते नैसर्गिक आहे, तेव्हा देठ बुडाशी कापून टाका. पण नवंच फूल बारकं आणि हिरवट उमलत असेल, जसं तुमच्याकडे झालं, तर उजेड आणि मुळांची ताकद कमी पडते आहे. काही जाती मुळातच हिरव्या फुलांच्या असतात, पण तुमचं झाड लाल होतं, त्यामुळे तो प्रश्न नाही.

पानं पिवळी पडण्याची प्रत्येक तऱ्हा मात्र मुळांची नसते. सगळ्यात खालचं एखादं पान काही महिन्यांनी सावकाश पिवळं होऊन गळत असेल तर ते म्हातारपण आहे. नवी पानं फिकट आणि फक्त शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही, आणि बहुधा त्याचं कारण पाण्याचा अल्कधर्मी गुण असतो. अँथुरियमला सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा लागतो. जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम एप्सम सॉल्ट, महिन्यातून एकदा, दोन-तीन वेळा.

एका लक्षणाला मात्र मी घाबरतो. पानाच्या कडेला पाणी मुरल्यासारखे गडद ठिपके येतात, ते तपकिरी होतात आणि भोवती झळझळीत पिवळी कडा दिसते. हा झँथोमोनास या जिवाणूचा करपा. सकाळी पानांच्या कडेवर जे थेंब दिसतात ना, ते बाहेर सोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतूनच तो आत शिरतो, म्हणून डाग कडेपासून सुरू होतात. खोडापर्यंत पोचला की देठ बुडातून निखळून पडतात. घरी त्याला औषध नाही. हवाई बेटांवर अँथुरियम १८८९ मध्ये पोचलं आणि तिथे त्याची मोठी फूलशेती उभी राहिली. १९८० च्या दशकात या एका रोगाने त्या शेतीचं प्रचंड नुकसान केलं. असं झाड पिशवीत बंद करून टाकून द्या, कुंडी आणि कात्री निर्जंतुक करा, शेजारची झाडं महिनाभर वेगळी ठेवा. आणि याच कारणासाठी मी पानांवर पाणी फवारायच्या विरोधात आहे. फवाऱ्याने हवेतला दमटपणा काही मिनिटंच वाढतो, रोगाचे जिवाणू मात्र थेंबांबरोबर पानापानावर उडतात. दमटपणा हवा तर झाडं एकत्र ठेवा, किंवा खडे भरलेल्या ताटलीत पाणी घालून कुंडी खड्यांवर, पाण्याच्या वर ठेवा. फार कोरड्या हवेत छोटं ह्युमिडिफायरच खरं कामाला येतं. एसी किंवा हीटरचा झोत झाडावर येऊ देऊ नका.

किडींचं सांगायचं तर बगलेत कापसाचे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, देठावर तपकिरी टोप्या चिकटल्या असतील तर खवले कीड. दोन्ही स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा, आठ-आठ दिवसांनी तीन-चार वेळा, कारण पिल्लं मागाहून निघतात. पानाखाली बारीक जाळी आणि वर धुळीसारखे ठिपके म्हणजे कोळी कीड. झाड न्हाणीत नेऊन पानं खालून धुवा, निथळून सुकवा, मग कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिलिलिटर, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून, संध्याकाळी फवारा. तेवढ्यापुरता पानं भिजवायचा नियम मी मोडतो, पण ती रात्रीपर्यंत वाऱ्याने सुकली पाहिजेत. फुलकिडे जास्त त्रास देतात: फूल उमलतं तेव्हाच त्यावर पांढुरके ओरखडे असतात, नवी पानं वेडीवाकडी येतात. ते कळीत लपतात, म्हणून बाधित कळ्या तोडून टाकल्याशिवाय फवारणीचा उपयोग होत नाही. क्रिस्टलिनम, क्लॅरिनर्वियम अशा मखमली पानांच्या जातींवर तेल वापरू नका, पानं डागाळतात.

खत. झाडाला नवं पान सुटेपर्यंत काहीही नाही. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) सारखं विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, ओल्या मिश्रणावर. दोन वेळांच्या मध्ये एकदा कॅल्शियम नायट्रेट तितकंच, पण दोन्ही एकाच पाण्यात मिसळू नका, साका बसतो. वाढ थांबलेल्या थंडीच्या महिन्यांत खत बंद. शेणखत बागेतल्या झाडांना द्या, या कुंडीत ते कुजतं आणि पोकळ्या बुजवतं. अँथुरियम १८ ते ३० अंश सेल्सियसमध्ये सुखी असतं. १२ अंशांच्या खाली जायला लागलं की थंड काचेपासून दूर हलवा.

काही वर्षांनी झाडाचं खोड लांबून उघडं पडेल आणि वर पानांचा झुपका राहील. तेव्हा हवाई मुळं असलेला वरचा भाग कापून नव्या कुंडीत लावायचा आणि खालचं खोड तसंच ठेवायचं. त्याला बाजूने फुटवे येतात.

तुमच्या झाडाचं पुढे काय होईल तेही सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच धीर सुटणार नाही. मुळं कापल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत आणखी एक-दोन पानं पिवळी पडतील. तपकिरी टोकं पुन्हा हिरवी होणार नाहीत. कात्रीने पानाच्या आकारात कापायची असतील तर तपकिरी भागाची एक बारीक रेघ सोडून कापा. मुळं धरली की चार ते आठ आठवड्यांत मधून तांबूस, तकतकीत, गुंडाळलेलं नवं पान वर येईल. खत त्या दिवसापासून सुरू करा, त्याआधी नको. पहिली दोन पानं लहानच येतील. तिसऱ्या-चौथ्या पानापासून देठाच्या बगलेत रोज डोकावून बघा. पानाची गुंडाळी रुंद आणि चपटी दिसते, कळी निमुळती आणि तिचा देठ गोल असतो.